सिंहस्थाच्या आराखड्यात मुले कुठे आहेत?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या आपल्या दैनिकात गेले कित्येक महिने नियमाने येत आहेत. ध्वजारोहणासाठी ३१ ऑक्टोबर २०२६ आणि पहिल्या अमृतस्नानासाठी २ ऑगस्ट २०२७ या तारखा जाहीर झाल्यापासून तर रस्ते, पूल, घाटांचे विस्तारीकरण, साधुग्रामची जागा, वाहनतळ आणि गर्दीचे नियंत्रण यांविषयी रोज काही ना काही वाचायला मिळते. या सगळ्या मजकुरात मुलांचा उल्लेख बहुधा एकाच ठिकाणी येतो, तो म्हणजे हरवले-सापडले केंद्राच्या संदर्भात. गर्दीत चुकलेले मूल आईबापांपर्यंत पोहोचवणे हे पुण्याचेच काम आहे; परंतु जी मुले हरवलेली नसतात, जी रोज त्याच घाटावर, त्याच बसस्थानकावर, त्याच लॉजच्या पायरीवर असतात आणि ज्यांना तेथे कोणी तरी कमाईसाठी आणून बसवलेले असते, त्यांच्यासाठी आराखड्यात काय आहे, हे माझ्या तरी वाचनात आलेले नाही. यात्रा आणि पर्यटन यांच्या आडून होणारे मुलांचे शोषण रोखण्यासाठी देशात आणि देशाबाहेर अनेक संस्था गेली तीस-पस्तीस वर्षे झगडत आहेत. त्यांना काय साधले, कशात त्या कमी पडल्या आणि त्यातून नाशिकने काय घ्यावे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. मी पंचवटीत राहते आणि आमच्या वाड्यातल्या दोन खोल्या यात्रेकरूंना भाड्याने दिल्या जातात, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे आम्हा खोल्या देणाऱ्यांनाच लागू आहे.

पहिली अडचण समजुतीची आहे. असले प्रकार गोव्याच्या किनाऱ्यावर, फार तर मुंबईत घडतात, ते करणारे परदेशी असतात आणि रामकुंडावर येणारा माणूस देवाच्या ओढीने येतो, असे आपण धरून चालतो. पर्यटनाच्या सामाजिक परिणामांचा १९८५ पासून अभ्यास करणाऱ्या बंगळूरूच्या ‘इक्वेशन्स’ या संस्थेने २००८ मध्ये पुरी, तिरुपती आणि गुरुवायूर या तीर्थक्षेत्रांतील मुलग्यांच्या लैंगिक शोषणावर अभ्यास केला, तेव्हा तीर्थक्षेत्र आणि मुलगे हे दोन्ही विषय प्रथमच एकत्र बोलले गेले असावेत. मुलग्यांचा विषय मला विशेष महत्त्वाचा वाटतो. एकटी मुलगी रात्री लॉजच्या दारात दिसली तर निदान कोणी तरी हटकते. तेथेच दहा-बारा वर्षांचा मुलगा दिसला तर तो कामावरचा पोऱ्या असेल असे समजून सगळे पुढे जातात. पुढे २०१६ मध्ये पर्यटनातील बाललैंगिक शोषणाचा जो पहिला जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने ‘परदेशी विकृत माणूस’ या चित्राला आणखी तडा दिला. कोणताही देश यातून सुटलेला नाही, आणि गुन्हेगारांमध्ये परदेशी पर्यटकांपेक्षा त्याच देशातले किंवा शेजारच्या प्रदेशातले प्रवासी अधिक असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांतले बहुसंख्य लोक त्या हेतूने घराबाहेर पडलेलेही नसतात. आपल्याला येथे कोणी ओळखत नाही, मूल हाताशी आहे आणि विचारणारे कोणी नाही, एवढे जुळून आले की एरवी सभ्य म्हणवणारा माणूसही मर्यादा ओलांडतो. लाखोंच्या गर्दीत, तात्पुरत्या तंबूंत आणि अनोळखी माणसांच्या भरवशावर चालणाऱ्या मेळ्यात या तिन्ही गोष्टी किती सहज जुळून येतील, हे सांगण्यासाठी वेगळ्या अभ्यासाची गरज नसावी.

आता घाटावरच्या मुलांविषयी. गोदाघाटावर फिरणाऱ्याला ती दिसतातच: द्रोणात दिवे विकणारी, गंध लावण्यासाठी मागे लागणारी, तीर्थ नेण्यासाठी प्लास्टिकचे कॅन विकणारी, पाण्यात उतरून नाणी शोधणारी, आणि कडेवर लहान भावंड घेऊन भीक मागणारी. या सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये, असे मला वाटते. आईच्या फुलांच्या पाटीशेजारी शाळा सुटल्यावर बसणारी मुलगी आणि कोणा ‘मामा’ला संध्याकाळी हिशेब देणारा मुलगा यांत फार फरक आहे, आणि तो कायद्यानेही मानला आहे. बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवण्यास बंदी आहे. शाळेच्या वेळेनंतर घरच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करण्यास सवलत आहे. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. घाटावर पोरे हुसकून लावणारे कर्मचारी मी पाहिले आहेत. हा हिशेब घेणारा कोण, हे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. हुसकलेले मूल घाटावरून उठून बसस्थानकावर किंवा अंधाऱ्या गल्लीत जाते, म्हणजे जेथे निदान चार माणसांची नजर होती तेथून जेथे ती नाही तेथे जाते. रस्त्यावर काम करणाऱ्या मुलाचे लैंगिक शोषण अचानक, आकाशातून पडल्यासारखे होत नाही. खाऊ, कपडे, मोबाइल, फिरायला नेणे, रात्रीचा आसरा, अशा पायऱ्यांनी ते होते, आणि यातली प्रत्येक पायरी आजूबाजूच्या कोणाला तरी दिसत असते.

ही दिसण्याची गोष्टच या क्षेत्रातील संस्थांच्या कामाचा पाया आहे, पण त्या तेथपर्यंत काही वर्षांनी पोहोचल्या. थायलंडमधील चियांग माई येथे १९९० मध्ये झालेल्या विचारविनिमयातून ‘एक्पॅट’ ही मोहीम सुरू झाली, ती आशियातील पर्यटनातून चालणारा मुलांचा देहव्यापार बंद व्हावा म्हणून. तिचे मुख्य कार्यालय बँकॉकला आहे आणि शंभराहून अधिक देशांतील संस्था आज तिच्या जाळ्यात आहेत. सुरुवातीचा भर कायद्यावर होता. आपल्या नागरिकाने परदेशात जाऊन मुलावर अत्याचार केला तर त्याला मायदेशी शिक्षा देता यावी, असा आग्रह या संस्थांनी धरला, आणि जर्मनीने १९९३ मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये तसे कायदे केले. १९९६ मध्ये स्टॉकहोम येथे या विषयावरची पहिली जागतिक परिषद भरली आणि सरकारांना हा प्रश्न नाकारता येईनासा झाला. हे सगळे आवश्यकच होते. परंतु गुन्हा घडून गेल्यावर, साक्षीदार मूल दुसऱ्या देशात आणि आरोपी आपल्या घरी अशा स्थितीत उभा राहणारा खटला फार थोड्या मुलांच्या उपयोगी पडतो, हेही लवकरच लक्षात आले असले पाहिजे, कारण दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, स्वीडनमधील एक्पॅटने तेथील सहल कंपन्या आणि जागतिक पर्यटन संघटना यांच्याबरोबर एक आचारसंहिता तयार केली आणि लक्ष न्यायालयाकडून हॉटेलच्या स्वागतकक्षाकडे वळवले.

या आचारसंहितेत सहा गोष्टी आहेत. मुलांच्या शोषणाविरुद्ध कंपनीचे लेखी धोरण असावे; कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे; पुरवठादारांशी होणाऱ्या प्रत्येक करारात याविषयीचे कलम घालावे; प्रवाशांना माहिती द्यावी; स्थानिक संस्था, पोलीस आणि इतर संबंधितांशी संपर्क ठेवावा; आणि केलेल्या कामाचा अहवाल दरवर्षी द्यावा. वाचताना ही यादी सरकारी परिपत्रकासारखी वाटते, तरी तिच्यातले करारातील कलम फार हुशारीने घातलेले आहे. मोठी सहल कंपनी लहान हॉटेलला सांगते की आमचे प्रवासी हवे असतील तर ही अट पाळावी लागेल, नाही तर करार रद्द होईल. नीतीचे चार शब्द ज्याच्या कानावरून जातात त्यालाही धंदा जाण्याची भीती कळते. ‘अकॉर’सारख्या हॉटेल समूहाने २००१ पासून एक्पॅटबरोबर काम करून आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, त्यामागे सद्भावना असेलच, पण आपल्या नावाला बट्टा लागू नये ही काळजीही असणार, आणि त्यात वाईट असे काही नाही.

तरीही ऐच्छिक आचारसंहितेची मर्यादा उघड आहे. जो सही करतो तो बहुधा आधीच बरा वागणारा असतो, आणि सही करून पाटी लावणाऱ्याला नंतर विचारायला कोणी येतोच असे नाही. कोलंबियाने यावर उपाय केला. तेथे २००१ च्या आणि नंतर २००९ च्या कायद्याने पर्यटन व्यावसायिकांना अशी आचारसंहिता बंधनकारक करण्यात आली. त्याच देशातील कार्ताहेना या तटबंदीच्या जुन्या बंदरात ‘रेनासेर’ या संस्थेने युनिसेफ व इतरांच्या साहाय्याने ‘ती तटबंदी मीच आहे’ या अर्थाची मोहीम चालवली. तिची माहिती वाचताना मला वारंवार नाशिक आठवत होते. मोठ्या हॉटेलांच्या व्यवस्थापकांवर न थांबता त्या लोकांनी किनाऱ्यावरचे फेरीवाले, टॅक्सीवाले, होडीवाले आणि हॉटेलांतले साधे नोकर यांना प्रशिक्षण दिले. मुलांच्या शोधात असलेला माणूस चौकशी करतो ती याच लोकांकडे. त्यांच्यातलाच कोणी पैशासाठी दलाल होतो आणि त्यांच्यातलाच कोणी वेळेवर फोन करून मूल वाचवू शकतो. आपल्याकडे ही माणसे म्हणजे नाशिकरोड स्थानकाबाहेरचे रिक्षावाले, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि द्वारका परिसरातले एजंट, लॉजच्या काउंटरवर रात्रपाळी करणारा मुलगा, घाटावरचे पूजासाहित्यवाले, त्र्यंबकेश्वरात पूजेसाठी आलेल्यांची उतरण्याची सोय करणारे गुरुजींचे मदतनीस, आणि गंगापूर धरणाच्या बाजूला झालेल्या रिसॉर्ट व फार्महाउसांचे रखवालदार. यांच्यातल्या किती जणांशी या विषयावर कोणी कधी बोलले आहे?

भारतातल्या संस्थांचे काम थोडे वेगळ्या वाटेने गेले आहे आणि त्यांचा खरा कस न्यायालयात लागला. गोव्यात मडगाव येथे मुलांचा आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप झाली. मधल्या काळात हे प्रकरण दबून जाऊ नये म्हणून कार्यकर्त्यांनी आणि पत्रकार शीला बारसे यांनी जो पाठपुरावा केला, तो नसता तर निकाल वेगळा लागला असता, असे मानायला जागा आहे. या प्रकरणाने हादरलेल्या गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला. मूल कुटुंबाबरोबर, नातेवाइकांबरोबर किंवा रक्ताच्या नात्यातील व्यक्तीबरोबर नोंदवलेले नसेल तर त्याला हॉटेलच्या खोलीत जाऊ देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि हॉटेलच्या आवारातील मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक व व्यवस्थापक यांच्यावर टाकली आहे. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यांच्या प्रकरणात तर संस्थांच्या चिकाटीची कसोटीच लागली. रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारे चालवणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये निर्दोष सोडले, आणि चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम झाली. मुले मोठी होतात, पत्ते बदलतात, घरचे म्हणतात की आता हे उकरून काढू नका, आरोपीकडे नामांकित वकील असतात. अशा वेळी दहा-दहा वर्षे तारखांना हजर राहणारे कोणी तरी लागते. पोलिसांची बदली होते. संस्था तेथेच असते.

मुंबईच्याच ‘प्रेरणा’ या संस्थेचे नाव येथे घेतले पाहिजे. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेल्या निर्देशांत असे म्हटले आहे की, देहव्यापारातून सोडवलेल्या अठरा वर्षांखालील मुलींना दंडाधिकाऱ्यांपुढे आरोपीसारखे उभे न करता बाल कल्याण समितीकडे पाठवावे, आणि कुंटणखाना चालवणाऱ्याचा वकील त्याच खटल्यात त्या मुलींचाही वकील म्हणून उभा राहू शकणार नाही. ही दुसरी गोष्ट वाचून कोणालाही वाटेल की हे सांगण्यासाठी उच्च न्यायालय कशाला हवे. पण तसे घडत होते, म्हणून ते सांगावे लागले.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयानेही १ जुलै २०१० रोजी ‘सुरक्षित व सन्माननीय पर्यटना’ची आचारसंहिता जाहीर केली. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेगारी विषयक कार्यालय, पर्यटन व्यावसायिकांची संघटना आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था यांचा ती तयार करण्यात सहभाग होता. अडचण अशी की अशा संहितेचा खरा पल्ला मंत्रालयाची मान्यता घेणाऱ्या हॉटेलांपर्यंत आणि सहल कंपन्यांपर्यंत आहे. सिंहस्थाला येणारा भाविक तारांकित हॉटेलात किती उतरणार? तो उतरतो धर्मशाळेत, भक्तनिवासात, मठात, आखाड्याच्या तंबूत, शंभर-दोनशे रुपयांच्या सामायिक खोलीत किंवा आमच्यासारख्यांच्या वाड्यात. मोबाइलवरून नोंदवायची घरगुती निवासस्थाने आणि द्राक्षबागांतली शेतघरे ही भर वेगळीच. आमच्याकडे उतरणाऱ्यांचे ओळखपत्र आम्ही घेतो, पण ते मोठ्या माणसांचे. बरोबरच्या मुलाचे नाव, वय आणि त्याच्याशी असलेले नाते लिहून घेण्याची पद्धत आमच्या ओळखीच्या खोलीवाल्यांत कोठेच नाही.

असे असले तरी कायदा आमच्यावर नाही, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे ज्याला कळते त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. कलम २० मध्ये तर मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य किंवा वस्तू आढळल्यास ते कळवण्याच्या संदर्भात हॉटेल आणि लॉज यांचा नावानिशी उल्लेख आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्या भागात खोल्या देणाऱ्या शेजाऱ्यांना मी याविषयी विचारले तेव्हा बहुतेकांनी हे प्रथमच ऐकले होते, आणि एकाने तर ‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार’ असे सरळ सांगितले. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. काउंटरवरच्या माणसाला संशय आला तर त्याने नेमके काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. संस्था आपल्या प्रशिक्षणात जे सांगतात ते अवघड नाही: मुलाची उलटतपासणी करू नये, संशयिताशी बाचाबाची करू नये, मोबाइलवर चित्रण करून ते कोणालाही पाठवू नये, वेळ, खोली क्रमांक आणि गाडीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि १०९८ (मुलांसाठीची मदतसेवा) किंवा ११२ (आपत्कालीन सेवा) वर फोन करावा. कळवणाऱ्याने पुरावा सिद्ध करून द्यायचा नसतो. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असेही त्याच कायद्यात आहे.

१०९८ या क्रमांकाविषयी दोन शब्द. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने १९९६ मध्ये सुरू झालेली ही सेवा अनेक वर्षे स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यामार्फत चालत होती. २०२३ पासून ती सरकारकडे आली आणि ११२ शी जोडली गेली. सरकारने जबाबदारी उचलणे तत्त्वतः योग्यच आहे. मात्र स्थानकावरच्या मुलाला नावाने ओळखणारा आणि तो आज का दिसला नाही म्हणून चौकशी करणारा कार्यकर्ता हे त्या सेवेचे खरे बळ होते, आणि फोन उचलणारी यंत्रणा कितीही तत्पर असली तरी ती त्याची जागा घेऊ शकत नाही. मेळ्यापुरते तरी अशा कार्यकर्त्यांना जिल्हा बाल संरक्षण कक्षाने रीतसर सोबत घ्यावे.

संस्थांवर टीका करण्यासारखेही बरेच आहे आणि ते टाळू नये. छापा, सुटका, छायाचित्र, आकडा या क्रमावर काही संस्थांचा इतका जीव असतो की सुटका केलेले मूल पुढे कोठे गेले, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. बाल न्याय अधिनियमानुसार मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती त्याला बालगृहात ठेवते किंवा घरी पाठवते. आणि घरी जर दोन वेळचे अन्न नसेल तर तेच मूल काही महिन्यांनी दुसऱ्या घाटावर दिसते. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी कुटुंबांची मुले मेंढपाळांकडे वेठबिगारीला दिली जात असल्याचे २०२२ मध्ये श्रमजीवी संघटनेने उघडकीस आणले, तेव्हा थोडे पैसे आणि एखादी मेंढी याच्या बदल्यात मुले गेल्याचे पुढे आले होते. ते प्रकरण पर्यटनाचे नव्हते. परंतु ज्या दारिद्र्यातून ती मुले मेंढ्यांमागे गेली त्याच दारिद्र्यातून सिंहस्थाच्या काळात ती तंबू ठोकणाऱ्या कंत्राटदाराकडे, भटारखान्यात किंवा घाटावर येऊ शकतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी येथील पाड्यांवरून मुले कोणाबरोबर शहराकडे निघाली याची खबर गावातच ठेवायची असेल, तर ते काम तेथील आदिवासी संघटना, अंगणवाडी सेविका आणि आश्रमशाळा यांच्याशिवाय होणार नाही. मुलाला घाटावर गाठणे हा फार उशिराचा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, कारण तिच्यामागे लोकांची चांगली भावना असते. देवदर्शनाला आल्यावर जवळच्या एखाद्या आश्रमात जाऊन मुलांना जेवण घालणे, तेथे आपल्या मुलाचा वाढदिवस साजरा करणे, मुलांबरोबर छायाचित्रे काढून ती समाजमाध्यमांवर टाकणे, हा आता यात्रेचाच एक भाग झाला आहे. कंबोडियात हेच परदेशी पर्यटकांकडून इतके वाढले की पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप असलेली मुलेही अनाथाश्रमांत ठेवली जाऊ लागली, आणि ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ या संस्थेला ‘मुले ही पर्यटकांसाठी प्रेक्षणीय स्थळे नाहीत’ अशी मोहीमच उघडावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ मध्ये बालहक्कांच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. आपल्या परिसरात वसतिगृहवजा आश्रमांतून २०२२ मध्ये जी प्रकरणे बाहेर आली ती नाशिककर विसरले नसतील. मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेची बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ नुसार नोंदणी आवश्यक आहे. दान देणाऱ्याने ती आधी विचारावी. नोंदणी असेल तर धान्य आणि पैसे कार्यालयात द्यावेत आणि मुलांच्या खोल्यांपर्यंत अनोळखी माणसांनी जाण्याचा आग्रह धरू नये. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास त्याच अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे, हेही अन्नदानाची छायाचित्रे प्रसिद्धीला पाठवणाऱ्या मंडळांना कळले पाहिजे.

यातून माझ्या मागण्या अशा आहेत. कुंभमेळा प्राधिकरणाच्या नियोजनात बालसंरक्षणाचा स्वतंत्र विभाग असावा आणि त्यात महिला व बालविकास विभाग, पोलीस, कामगार विभाग यांच्याबरोबर या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना सल्ल्यापुरते न बोलावता सुरुवातीपासून बसवावे. मेळ्यासाठी तात्पुरती निवासव्यवस्था करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो लॉजमालक असो, मठ असो वा आमच्यासारखे घरगुती खोलीवाले, परवानगी देताना एक दिवसाचे प्रशिक्षण आणि मुलांच्या नोंदीची अट घालावी. गोव्याच्या कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन तसा आदेश काढता येईल की नाही, हे विधी विभागाने तपासावे. मंडप, भोजन आणि स्वच्छता यांच्या कंत्राटांत मुलांना कामावर ठेवणार नाही हे कलम असावे आणि ते मोडल्यास देयक थांबवावे. सही करून मोकळे होण्याची पळवाट एवढ्याने तरी बंद होईल. स्वयंसेवक म्हणून येणाऱ्यांची, विशेषतः मुलांशी थेट संबंध येईल अशा कामावर असणाऱ्यांची, पोलीस पडताळणी व्हावी. आणि घाटावर, साधुग्रामजवळ व मजुरांच्या वसाहतीत पाळणाघरे आणि रात्रीचे निवारे उभारावेत. ‘प्रेरणा’ने कामाठीपुऱ्यात रात्रीचे पाळणाघर सुरू केले ते याच साध्या विचाराने, की आई कामावर असते त्या वेळात मूल सुरक्षित जागी असले पाहिजे. हार विकणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या बायकांची पोरे रात्री दोन वाजता कोठे झोपणार आहेत, हा प्रश्न पहिल्या अमृतस्नानाच्या आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही. या सगळ्याला पैसा लागेल हे खरे, पण घाट आणि रस्त्यांवरील खर्चापुढे तो किरकोळ असेल, आणि माणसे तर शहरात आहेतच: शिक्षक, समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी, निवृत्त परिचारिका.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. पर्वकाळात आपण स्नानाच्या वेळा, वाहतुकीतील बदल आणि वाहनतळांचा तपशील रोज छापाल, त्याच चौकटीत १०९८ हा क्रमांक छापावा, आणि मेळ्याच्या रंगीत पुरवणीत घाटावर भीक मागणाऱ्या किंवा दिवे विकणाऱ्या मुलांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे घेऊ नयेत.

आपली,
पंचवटीतील एक वाचक,
नाशिक